निधनवर्षाचा रकाना

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. ‘बाद’, ‘गहाळ’, ‘बाइंडिंगला दिले’, ‘देणगी’ अशा एकदोन शब्दांच्या नोंदींसाठी तो राखलेला असतो आणि वार्षिक तपासणीच्या वेळी तेवढ्यापुरताच तो पाहिला जातो. गेली काही वर्षे त्या रकान्याच्या कडेला मी पेन्सिलीने एक आकडा लिहीत आले आहे. एका तपासणीत साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारले, “एवढ्याशा पुस्तकाची किंमत एकोणीसशे पन्नास रुपये?” मी त्यांना सांगितले की ती किंमत नाही, ते लेखकाच्या निधनाचे वर्ष आहे. ते हसले आणि पुढच्या पानाकडे वळले. त्या आकड्यापर्यंत मी कशी पोहोचले, ते येथे लिहीत आहे.

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडील केळीच्या पट्ट्यात आमचे तालुक्याचे गाव आहे. वाचनालय जुने आहे, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यताप्राप्त आहे, अनुदानावर चालते आणि अनुदान येईपर्यंत उसनवारीवरही चालते. ग्रंथपाल म्हणून मी रुजू झाले तेव्हा कॉपीराइटविषयीचे माझे ज्ञान ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमातल्या एका टिपेपुरते होते. कायदा १९५७ चा, मुदत लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे, एवढे लिहिले की त्या प्रश्नाचे गुण मिळत. पुढे अनेक वर्षे देवघेव, वर्गणी, अनामत आणि बाद पुस्तकांच्या याद्या यांत गेली आणि त्या टिपेची मला एकदाही गरज पडली नाही.

गरज पडली ती एका पावसाळ्यानंतर. संदर्भ विभागाच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि दोन कपाटांतली जुनी पुस्तके भिजली. काहींना आधीच कसर लागलेली होती, पाने उलटताना ती हातात तुकड्यांनी येत होती. एका माजी विद्यार्थ्याने वाचनालयाला स्कॅनर भेट दिला होता. आमचे कार्यवाह, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, ते मोठ्या उत्साहाने कामाला लागले. रोज संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर आप्पा आणि अभ्यासिकेतली दोन मुले जुनी पुस्तके स्कॅन करीत. चाळीसेक पुस्तके झाली तेव्हा आप्पांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिले पुस्तक टाकले. तालुक्याच्या इतिहासावरचे ते छोटे पुस्तक होते, एका निवृत्त शिक्षकांनी १९६८ मध्ये लिहिलेले आणि अनेक वर्षे बाजारात न मिळणारे. दोन दिवसांत ते गावोगावच्या गटांत फिरले. आप्पांच्या दृष्टीने ते पुण्यकर्म होते आणि खरे सांगायचे तर माझ्याही दृष्टीने होते.

तिसऱ्या दिवशी नाशिकहून फोन आला. बोलणाऱ्या बाई त्या शिक्षकांच्या कन्या होत्या. माझे वडील वारले त्याला बरीच वर्षे झाली, पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची मी तयारी करते आहे, जुने फोटो जमवले आहेत, छपाईचा खर्च काढला आहे आणि आता लोक मला म्हणतात की पुस्तक तर आमच्या मोबाइलवर आले, असे त्यांनी सांगितले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त अपराधी वाटले. मी म्हटले, “ताई, पुस्तक आमच्या वाचनालयाच्या मालकीचे आहे, त्याला दाखल अंक आहे.” त्यावर त्या प्रमाण मराठी सोडून घरच्या बोलीत आल्या. “पुस्तक तुमनं शे ताई, पन लिखेल तं मना बापनं शे ना?” मला उत्तर सुचले नाही. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्या स्कॅनमध्ये अर्पणपत्रिकेचे पान नव्हते. वडिलांनी ते पुस्तक त्यांच्या आईला, म्हणजे या बाईंच्या आजीला अर्पण केले होते. मी कपाटातली प्रत काढून पाहिली. अर्पणपत्रिकेचे पान पुढच्या कोऱ्या पानाला ओलीने चिकटले होते आणि मुलांनी दोन्ही मिळून एकच पान समजून उलटले होते.

गटावरची फाइल आम्ही त्याच दिवशी काढून टाकली, पण जी पुढे गेली ती परत येणार नव्हती. त्या रात्री मी कायद्याचा मूळ मजकूर पहिल्यांदा उघडला. कलम ६३ वाचून झोप उडाली. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड असे तेथे लिहिलेले आहे. कृत्य व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, हे परंतुक मी दुसऱ्या दिवशी वाचले. कायदा वाचताना परंतुकापर्यंत जाण्याआधी घाबरू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

समजून घेण्याचे काम पुढे सहा महिने चालले. पहिली अडचण शब्दाचीच होती. कोणी प्रताधिकार म्हणते, कोणी स्वामित्वहक्क, सरकारी भाषांतरात प्रतिलिप्यधिकार आढळतो आणि जुन्या पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते. ‘स्वामित्वहक्क’ या शब्दाने माझा बराच काळ गोंधळ केला, कारण पुस्तकाचे स्वामित्व तर आमचे होते. हा गुंता सोडवला तो आमच्या गावातल्या एका वकिलांनी. त्यांचे सारे आयुष्य बांधाच्या आणि वाटणीच्या खटल्यांत गेलेले आहे आणि कॉपीराइटचा एकही खटला त्यांनी चालवलेला नाही. मी कलम १४ त्यांच्यापुढे ठेवले. ते त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, “ताई, हे सोपे आहे. जमीन तुमच्या ताब्यात आहे, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. तुम्ही तिथे बसू शकता, सावलीत झोपू शकता, पण प्लॉट पाडून विकू शकत नाही.” कायद्याच्या अभ्यासकाला ही उपमा ढोबळ वाटेल, माझे मात्र तिच्यावर आजही काम भागते. प्रत ही एक वस्तू आहे आणि प्रती काढण्याचा, लोकांना पोहोचवण्याचा, भाषांतराचा, रूपांतराचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे.

मग आम्ही पुस्तके वाचायला देतो ते कशाच्या आधारावर, असा प्रश्न मला पडला. याचे उत्तरही कलम १४ मध्येच आहे. लेखकाला प्रती लोकांत वितरित करण्याचा हक्क आहे, पण आधीच वितरणात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत आणि एकदा विकली गेलेली प्रत वितरणात आली असे मानले जाते. आम्ही दुकानातून पैसे मोजून आणलेले पुस्तक हजार सभासदांना आळीपाळीने दिले तरी त्यात लेखकाच्या हक्काला धक्का लागत नाही. देवघेवीच्या खिडकीवर इतकी वर्षे बसून या कामाचा कायदेशीर पाया मला माहीत नव्हता, याची थोडी लाज वाटली. सीडी आणि चित्रफितींच्या बाबतीत भाड्याने देण्याचा हक्क वेगळा आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीने ‘व्यापारी भाडे’ या संज्ञेतून ना-नफा ग्रंथालयाने दिलेल्या प्रती वगळल्या आहेत.

स्कॅनरच्या प्रश्नाचे उत्तर कलम ५२ मध्ये होते. कोणती कृत्ये उल्लंघन ठरत नाहीत त्यांची ती लांबलचक यादी आहे आणि त्यातली दोन पोटकलमे आमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. ५२ (१) (एन) हे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले आहे. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत आधीपासून असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. ५२ (१) (ओ) त्याहून जुने आहे. पुस्तक भारतात विक्रीसाठी उपलब्ध नसेल तर ग्रंथालयाच्या उपयोगासाठी, ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या देखरेखीखाली, जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. पुस्तक या शब्दात पुस्तिका, नकाशे आणि आराखडेही येतात. ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, पण शासनमान्य आणि सर्वांना खुले असे आमचे वाचनालय त्यात बसते याविषयी वकीलसाहेबांना शंका नव्हती.

म्हणजे आप्पांनी केलेल्या कामातला पहिला भाग, ओल लागलेली पुस्तके स्कॅन करून ठेवण्याचा, पूर्णपणे कायदेशीर होता. दुसरा भाग, गटावर टाकण्याचा, नव्हता. हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते चिडले. “जपून ठेवायचं आणि कोणाला दाखवायचं नाही, मग जपायचं कशाला?” असे ते म्हणाले. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. कायद्याने साठवण्याची परवानगी दिली आणि पुढे पोहोचवण्याविषयी काही म्हटले नाही, ही माझ्याही मते या पोटकलमाची अपुरी बाजू आहे. वाचनालयातल्या एका संगणकावर बसून सभासदाने ती फाइल वाचावी, एवढीही स्पष्ट सोय तेथे लिहिलेली नाही. आम्ही मधला मार्ग काढला तो असा. हक्काच्या मुदतीतल्या पुस्तकाची स्कॅन प्रत एका वेगळ्या डिस्कमध्ये, कुलपात राहते. पुस्तक बाजारात मिळत नाही अशी खात्री झाली की (ओ) खाली एक छापील प्रत काढून, बांधून संदर्भ विभागात ठेवली जाते आणि वाचकाला ती दिली जाते. मूळ जीर्ण प्रतीला मग कोणी हात लावत नाही. ‘बाजारात मिळत नाही’ हे कसे ठरवावे, ते कायदा सांगत नाही. मी प्रकाशकाला पत्र पाठवते, जळगाव आणि पुण्याच्या दोन विक्रेत्यांकडे चौकशी करते आणि उत्तरे फाइलला लावते. उत्तर आले नाही तर पोचपावती लावते.

सर्वांत रमले मी मुदतीच्या हिशेबात. कलम २२ प्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ६० वर्षे मोजायची. म्हणून प्रत्येक हक्क ३१ डिसेंबरलाच संपतो, मृत्यू कोणत्याही महिन्यात झालेला असो. ही मुदत आधी ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ मधले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपायच्या बेतात असताना ती दहा वर्षांनी वाढवली गेली. त्यामुळे १९४० पर्यंत निवर्तलेले लेखक आणि १९४१ पासून पुढे निवर्तलेले लेखक यांच्यात एक रेघ पडली आहे.

खान्देशापुरते पाहिले तरी या हिशेबात किती वळणे आहेत ते कळते. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचा प्रश्नच नाही. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापावीत, स्कॅन करावीत आणि वाटावीत. हे कळल्यावर मी आनंदाने गुरुजींचे सारे कपाट ‘मुक्त’ म्हणून वेगळे काढले आणि तिथेच चुकले. विनोबांची गीतेवरची प्रवचने मी त्यात घातली होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा बोलत आणि गुरुजी ती उतरून घेत. अक्षर गुरुजींचे, पण शब्द विनोबांचे. भाषणाचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, टिपून घेणाऱ्याचा नसतो. विनोबा १९८२ मध्ये गेले आणि त्यामुळे त्या प्रवचनांची मुदत २०४२ अखेरपर्यंत आहे. पुस्तक कपाटातून परत काढताना मला वाटले, लेखनिकाने किती निःसंगपणे काम केले होते ते कायद्यालाही कळते.

बहिणाबाईंच्या बाबतीत तर एकाच पुस्तकाचे दोन तुकडे पडले. असोद्याच्या या कवयित्रीचे निधन ३ डिसेंबर १९५१ ला झाले. त्यांच्या ओव्या आणि कविता पुस्तकरूपाने आल्या त्या १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात. हयातीत प्रकाशित न झालेल्या साहित्याला कलम २४ लागते आणि त्याची ६० वर्षे मृत्यूपासून न मोजता प्रथम प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या संग्रहातल्या कवितांची मुदत २०११ अखेर न संपता २०१२ अखेर संपली. एखादी कविता पुढच्या एखाद्या आवृत्तीत प्रथमच छापली गेली असेल, तर तिची ६० वर्षे त्या आवृत्तीच्या वर्षापासून धरावी लागतील. पण संग्रहाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे गेले १३ जून १९६९ रोजी आणि प्रस्तावना ही त्यांची स्वतंत्र कृती आहे. तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू राहील. म्हणजे एका बांधणीत बांधलेल्या पुस्तकातल्या कविता मी आज संगणकावर ठेवू शकते आणि त्या कवितांना महाराष्ट्रापुढे आणणारी पाने मला गाळावी लागतात. तालुक्यातल्या एका शाळेच्या कार्यक्रमासाठी आम्ही कवितांची पुस्तिका केली तेव्हा शिक्षकांनी “प्रस्तावना का नाही?” असे विचारले. मी हा सारा हिशेब सांगितला आणि त्यांना तो फारसा पटला नाही.

अनुवादांचेही असेच आहे. शरदबाबूंच्या बंगाली कादंबऱ्या कधीच्या मुक्त आहेत, कारण ते १९३८ मध्येच गेले. परंतु मामा वरेरकरांनी केलेले त्यांचे मराठी अनुवाद वरेरकरांचे आहेत आणि वरेरकर १९६४ मध्ये गेले. त्या कादंबऱ्यांच्या आमच्या प्रती इतक्या वाचल्या गेल्या आहेत की काहींची बांधणी तीनदा झाली. १ जानेवारी २०२५ ला मी सकाळी कुलूप उघडल्यावर पहिले काम केले ते त्या प्रती स्कॅनरजवळ आणून ठेवण्याचे. बुधवार होता, थंडी होती आणि एकही वाचक आलेला नव्हता.

छायाचित्रांचा विषय मी अजून पुरता हाताळलेला नाही. २०१२ च्या आधी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई, आता ती छायाचित्रकाराच्या निधनापासून मोजतात आणि जुन्या फोटोंवर छायाचित्रकाराचे नाव क्वचितच असते.

निधनवर्ष शोधणे हे मात्र सोपे काम नाही. मोठ्या लेखकांचे वर्ष कोशात सापडते. तालुक्याच्या पातळीवर लिहिलेल्या, स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तकांच्या लेखकांचे वर्ष मला त्यांच्या गल्लीत जाऊन विचारावे लागले. कित्येक ठिकाणी सुनांनी दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या फोटोखालची तारीख वाचून दाखवली. मराठी पुस्तकांत आणखी एक खास आपली पद्धत आहे. मुखपृष्ठावर नाव लेखकाचे आणि मागच्या पानावर ‘सर्व हक्क सौ. अमुक अमुक यांचे’, म्हणजे बहुधा पत्नीचे. आधी मी निधनवर्ष त्या बाईंचे शोधत होते. हक्क कोणाच्याही नावावर केलेला असला तरी मुदत लेखकाच्या निधनापासूनच चालते, हे कळल्यावर निम्म्या नोंदी खोडून पुन्हा लिहाव्या लागल्या. पेन्सिल वापरल्याचा तेव्हा उपयोग झाला. अर्थात परवानगी मागायची झाली तर ती हक्क ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे, किंवा त्याच्या वारसांकडे मागावी लागते.

अभ्यासिकेतल्या मुलांशी झालेला वाद वेगळ्याच दिशेचा होता. स्पर्धा परीक्षांची पुस्तके महाग असतात, मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची असतात आणि एका पुस्तकावर वीस जण असतात. पुस्तक घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पूर्ण छापून आणायचे आणि स्पायरल लावायचे, ही पद्धत पडलेली होती. मी हरकत घेतली तेव्हा त्यांतल्या एका हुशार मुलाने दिल्ली विद्यापीठाचा निकाल पुढे केला. त्याने तो खरोखरच वाचला होता. विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा केला होता, सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने त्यातले मूळ तत्त्व कायम ठेवले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. “मग आम्हालाच का अडवता, मॅडम?” असे त्याचे म्हणणे होते.

मी तो निकाल त्याच्याबरोबर बसून पुन्हा वाचला. तिथे प्रश्न होता तो शिक्षकांनी अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतून निवडलेल्या प्रकरणांच्या संचाचा आणि आधार होता शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट देणाऱ्या ५२ (१) (आय) चा. आमच्याकडे ना वर्ग आहे, ना शिक्षक, आणि प्रत निघते ती बाजारात मिळणाऱ्या अख्ख्या पुस्तकाची. आमच्या मुलांना लागू पडते ते ५२ (१) (ए), खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी केलेला उचित वापर. तो किती पानांपर्यंत उचित, याची टक्केवारी कायद्यात नाही. दहा टक्के चालतात असे जे सगळीकडे ऐकू येते, ते मला आपल्या कायद्यात कुठेही सापडले नाही. शेवटी एक प्रकरण, नकाशा, तक्ता असे लागेल तेवढे काढायचे, पूर्ण पुस्तक नाही, असा नियम आम्ही फलकावर लावला. पण केवळ नियम लावून मुलांची गरज संपत नाही, म्हणून मी संचालक मंडळाकडे हट्ट धरला आणि त्या वर्षीच्या खरेदीत मागणी असलेल्या पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घेतल्या. त्यामुळे कादंबऱ्यांची खरेदी कमी झाली आणि ज्येष्ठ सभासदांनी तक्रार केली, ती मी ऐकून घेतली. समोरच्या दुकानात आजही कोणी पूर्ण पुस्तक छापत असेल, त्यावर माझे नियंत्रण नाही.

या सगळ्यात एका ठिकाणी मात्र कायदा माझ्या अपेक्षेपेक्षा उदार निघाला. आमचे एक सभासद मधुमेहाने दृष्टी गमावून बसले होते आणि नातू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्यांना पुस्तके ध्वनिमुद्रित करून द्यावीत असे वाटत असूनही मी आधीच्या प्रसंगामुळे कचरत होते. ५२ (१) (झेडबी) वाचले आणि संकोच गेला. जी व्यक्ती अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू शकत नाही तिच्यासाठी सुगम स्वरूपात प्रत करणे आणि तिला देणे हे उल्लंघन नाही. ना-नफा संस्थेने ते करताना खर्चापुरतेच पैसे घ्यावेत आणि ती प्रत इतरांच्या हाती किंवा बाजारात जाऊ नये याची काळजी घ्यावी, एवढ्या अटी आहेत. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये, ही माहितीही मला तेव्हाच मिळाली. आता महाविद्यालयातल्या चार मुली आळीपाळीने वाचन ध्वनिमुद्रित करतात. पेन ड्राइव्हवर दाखल अंक आहे आणि त्याची देवघेव वेगळ्या वहीत होते.

नाशिकच्या बाईंकडे मी आणि आप्पा दोघे जाऊन आलो. आप्पांनी माफी मागितली, ती मोकळ्या मनाने मागितली. त्यांचे वडील १९९४ मध्ये गेलेले, म्हणजे पुस्तकाचा हक्क २०५४ अखेरपर्यंत त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या हाती आहे. नवी आवृत्ती निघाली, आम्ही तिच्या दहा प्रती विकत घेतल्या आणि जुन्या आवृत्तीची स्कॅन प्रत वाचनालयातल्या संगणकावर वाचू देण्याची परवानगी त्या दोघांनी लेखी दिली. परवाना लेखी असावा लागतो, तोंडी ‘हो, वापरा’ पुरत नाही, हे कलम ३० मधून मी शिकले होते. मसुदा मीच केला होता आणि त्यात ‘अर्पणपत्रिकेसह संपूर्ण’ असे शब्द घातले होते. ते शब्द त्यांनी दोनदा वाचले.

एक काम मात्र अडून राहिले आहे. एका कीर्तनकारांची हस्तलिखित वही त्यांच्या नातवाने आम्हाला देणगी दिली. तिच्यात अहिराणी पदे आहेत. काही जात्यावरची परंपरागत आहेत, जी कोणा एकाची नाहीत. काहींच्या शेवटच्या ओळीत त्यांची नाममुद्रा आहे, ती त्यांनी स्वतः रचलेली. वही आमची झाली, पण वही दिल्याने पदांचा हक्क दिला असे होत नाही. जतनासाठी आम्ही ती स्कॅन केली आहे. ग्रंथालयातल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी नक्कल करू देणारे ५२ (१) (पी) आहे, पण लेखक माहीत असेल तर ते मृत्यूनंतर ६० वर्षे उलटल्यावरच लागू होते आणि हे कीर्तनकार १९७१ मध्ये गेले. शिवाय पदे प्रथम छापली की कलम २४ प्रमाणे त्यांची ६० वर्षे त्या दिवसानंतरच्या वर्षापासून नव्याने सुरू होणार, म्हणून वारसांनी विचारपूर्वक सही करावी असे मीच त्यांना सांगितले. जळगावच्या विद्यापीठातली एक संशोधक विद्यार्थिनी दर शनिवारी येऊन वहीतून हाताने टिपणे काढते. वारस तीन भाऊ आहेत. दोघांनी संमती दिली. तिसरे सुरतेला असतात, आजोबांची पदे पुस्तकात आली तर त्यांचे नाव कुठे आणि केवढ्या अक्षरात येईल, एवढेच ते विचारतात आणि मी त्यांना मुखपृष्ठाचा नमुना अजून पाठवू शकलेले नाही. वहीच्या पाकिटावर मी पेन्सिलीने ‘एक सही बाकी’ असे लिहून ठेवले आहे.